अक्कांच्या डोक्यावरच्या चार गाठी: सोलापुरातलं एक प्रकरण, सुरुवातीपासून रिपोर्टपर्यंत

पेशंट बाई, वय ५२, राहायला सोलापूरच्या पूर्व भागात, काम घरी बसून विड्या वळायचं, घरात बोलणं तेलुगू आणि बाहेर मराठी. तक्रार एकाच वाक्यात: "मॅडम, डोक्यात एक जुनी गाठ होती, ती आता पसरलीय." सोबत सून आलेली, तिचे डोळे रडून सुजलेले, कारण घरात कुणीतरी कॅन्सरचं नाव काढलं होतं आणि तेव्हापासून कुणाला धड झोप नव्हती. नाव आणि ओळख पटेल अशा बाकीच्या गोष्टी मी बदलल्यात, गल्लीत सगळे त्यांना अक्का म्हणतात म्हणून इथेही अक्काच म्हणते. हे सविस्तर लिहितेय कारण डोक्यावरच्या साध्या गाठी ओळखायच्या कशा, कुठली गाठ तशीच सोडून द्यायची आणि गरीब बिचारी गाठ घरच्या घरी कशी बिघडवली जाते, हे सगळं या एकाच डोक्यावर बघायला मिळालं.

आधी हकीकत. पहिली गाठ कमीत कमी १२ वर्षांची, उजव्या बाजूला, कानाच्या वर आणि टाळूच्या जवळ. सुरुवातीला फणी अडायची तेव्हाच कळायचं, मग हळूहळू वाढत सुपारीएवढी झाली, पण दुखणं नाही, पाणी नाही, काही नाही, अंबाडा जरा वर बांधला की झाकून जायचं आणि अक्का पुन्हा विड्यांच्या सुपाकडे वळायच्या. एप्रिलमध्ये इथे पारा ४२-४३ च्या वर जातो, घामानं डोकं सतत ओलं, त्यामुळे घरात सगळ्यांचं एकच मत, की हे उष्णतेनं वाढलंय. अशात ओळखीतल्या एकानं सल्ला दिला की बिब्बा तापवून त्याचं तेल गाठीवर लावा, आतल्या आत जळून जाईल. लावलं. दुसऱ्या दिवशी फोड, तिसऱ्या दिवशी कातडी सोलवटलेली, मग लाल, गरम, ठसठस, उशीवर पिवळट डाग आणि घाण वास. आणि त्यानंतर आठवड्याभरात सून डोक्याला हात लावून बघत होती तर कानाच्या मागे अजून एक गाठ लागली. मग घाबरून सगळं डोकं चाचपलं, तर अजून दोन. "एकाच्या चार झाल्या मॅडम, महिनाभरात. आणि आता झोपलं तरी दुखालंय."

बिब्बा हा प्रकार आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, म्हणून थोडं थांबून सांगते. त्याचं काळं तेल कातडीला भाजतं आणि वर तीव्र ॲलर्जीही करतं, धोबी लोक कपड्यावर खूण करायला तेच वापरायचे, आणि ती खूण धुऊन जात नाही म्हणूनच वापरायचे. अशी वस्तू डोक्यावरच्या गाठीला लावल्यावर गाठ जळत नाही, तिच्यावरची कातडी जळते, आतली पिशवी फुटते आणि जंतूंना आत यायला वाट मिळते. चुना लावणं, घोड्याच्या केसानं आवळून बांधणं, सुईनं फोडून दाबणं, या सगळ्याची गत तीच.

चार गाठी महिनाभरात झाल्या असं अक्का म्हणत होत्या, पण मला पहिला प्रश्न हाच पडला की झाल्या कधी आणि सापडल्या कधी. मी विचारलं, "अक्का, याच्या आधी सगळं डोकं असं बोटांनी कधी तपासलं होतं का?" तर म्हणाल्या, "नाही हो, कशाला तपासतंय कोण." दाट केसांखालचं डोकं आपण आयुष्यात क्वचितच नीट चाचपतो, आणि एकदा भीती बसली की एका संध्याकाळी सगळंच सापडतं. दुसरा प्रश्न घरातल्यांबद्दलचा. आईला होती का? होती, दोन-तीन, आई त्या गाठींसकट ८० वर्षं जगल्या. थोरल्या भावाला? हो, त्यांना टक्कल आहे त्यामुळे लांबूनच दिसते. हे ऐकल्यावर माझं मन निम्मं हलकं झालं, पण हात लावल्याशिवाय काहीच बोलले नाही.

तपासायला मी त्यांना खिडकीजवळ स्टुलावर बसवलं, केस सोडायला लावले, आणि फणीच्या मागच्या टोकानं भांग पाडत पाडत कपाळापासून मानेपर्यंत गेले. घाई केली की डोक्याची तपासणी वाया जाते.

पहिली, म्हणजे बिब्बा लावलेली, साधारण अडीच सेंटिमीटर. वरची कातडी लाल, चमकणारी, मधोमध पापुद्रा आणि त्याखालून पांढरट घट्ट पदार्थ डोकावत होता. हात लावला की अक्का आक्रसून जात होत्या. पण कडेनं हळूच दोन बोटात धरली तर ती खालच्या हाडावरून थोडी सरकत होती, हाडाला चिकटलेली नव्हती. हे महत्त्वाचं.

दुसरी तिच्यापासून चार बोटं डावीकडे, १ सेंटिमीटर, आणि हीच माझ्या दृष्टीनं सगळ्यात बोलकी, कारण हिला कुणी छेडलं नव्हतं. गोल, गुळगुळीत, टणक पण दगडासारखी नाही, वरची कातडी एकदम नॉर्मल, दुखत नाही, ढकलली की सरकते. वर बारीक काळा ठिपका किंवा भोक आहे का ते भिंगातून बघितलं, नव्हतं. हेच मूळ चित्र. पहिली गाठ बिब्बा लागण्याआधी अशीच असणार.

तिसरी उजव्या कानाच्या मागे, दाबल्यावर दुखणारी, लांबट, बोटाखाली निसटणारी. ही मुळात डोक्याच्या कातडीतली गाठच नव्हती, ही होती लसिका ग्रंथी, लिम्फ नोड. डोक्याच्या कातडीतून येणारा निचरा कानामागच्या आणि मानेच्या मागच्या ग्रंथींमध्ये जातो, तिकडे जखम, गळू, उवांच्या खाजेनं झालेले ओरखडे, बुरशी, काहीही झालं की या ग्रंथी फुगतात. त्यांचं कामच ते आहे. अक्कांना वाटलं गाठ पसरली, खरं म्हणजे वरच्या जखमेला शरीर उत्तर देत होतं.

चौथी डोक्याच्या मागे, बरोबर मध्यभागी, मान जिथे सुरू होते त्याच्या जरा वर, कडक, जराही न हलणारी. मी सुनेचा हात धरून तिच्याच डोक्यावर त्याच जागी ठेवला, मग माझ्या डोक्यावर. सगळ्यांनाच तिथे हाडाचा उंचवटा असतो, कुणाचा जास्त, कुणाचा कमी. कवटीच्या मागच्या हाडाचा तो भाग आहे, मानेचे स्नायू आणि पट्टे तिथे आसपास धरलेले असतात. सून पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

म्हणजे चारपैकी दोन एकाच जातीच्या गाठी, एक ग्रंथी, एक हाड. पसरण्याचा प्रश्नच नव्हता.

आता त्या दोन गाठींबद्दल. यांना पायलर सिस्ट म्हणतात, ट्रायकिलेमल सिस्ट हे दुसरं नाव, गावाकडे आवाळू म्हणतात आणि बऱ्याच जणांच्या तोंडी 'चरबीची गाठ' असतं. आत चरबी नसते. केस जिथून उगवतो त्या नळीच्या बाहेरच्या आवरणातल्या पेशी एका जागी पिशवी करून बसतात आणि आतल्या आत केराटिन साठवत राहतात, केराटिन म्हणजे केस आणि नखं ज्याची बनतात तेच प्रथिन. बाहेर जायला वाट नाही म्हणून पिशवी भरत जाते, पण इतकी हळू की वर्षानुवर्षं लागतात. काही रिपोर्टवर, चिठ्ठ्यांवर अजून 'सिबेशियस सिस्ट' लिहून येतं, पण तेलाच्या ग्रंथीचा हिच्याशी संबंध नाही, त्यामुळे डोक्याला तेल जास्त लावलं, कमी लावलं, शाम्पू बदलला, ऊन लागलं, यातलं काहीच कारण नसतं. कारण बहुतेक वेळा रक्तातच असतं. ज्या घराण्यांत या चालत येतात तिथे आई किंवा वडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला ती ठेवण मिळायची शक्यता ५० टक्के, आणि २०१९ मध्ये तर पीएलसीडी१ नावाच्या जीनमधला बदल यामागे असतो हेही संशोधकांनी दाखवलं. १०० लोकांत साधारण ५ ते १० जणांना अशी गाठ असते, बायकांमध्ये जास्त, मध्यम वयात जास्त, त्यातल्या ९० टक्के डोक्यावरच, आणि एक असली की दुसरी-तिसरी सापडायची शक्यता चांगलीच असते. अक्का या वर्णनात चपखल बसत होत्या.

हिच्यासारख्याच दिसणाऱ्या बाकीच्या मंडळींशी गल्लत होते म्हणून तेही सांगते. एपिडर्मॉइड सिस्ट चेहऱ्यावर, मानेवर, पाठीवर जास्त, तिच्यावर बऱ्याचदा बारीक काळं तोंड दिसतं. लायपोमा ही खरी चरबीची गाठ, मऊ, लिबलिबीत, कडेनं दाबली की बोटाखालून सटकते, डोक्यावर असली तर बऱ्याचदा कपाळावर आणि खोलवर असते, म्हणून कधी कधी हलतही नाही. ऑस्टिओमा म्हणजे हाडाचीच वाढ, एकदम कडक, वरची कातडी तिच्यावरून सरकते पण गाठ तसूभर हलत नाही. आणि जी गाठ नाडीसारखी उडते ती रक्तवाहिनीची असू शकते, तिला सुई लावायची नाही म्हणजे नाही.

अक्कांनी मग सरळ विचारलं, "मॅडम, कॅन्सर नाही ना? खरं सांगा." मी त्यांना सांगितलं की मी कशाच्या जोरावर नाही म्हणतेय. १२ वर्षं इतक्या हळू वाढलेली, गोल, कडा स्पष्ट, हाडावर सरकणारी, घरात अजून दोघांना असलेली, आणि आत्ताचं दुखणं बिब्बा लावल्यानंतर सुरू झालेलं. मला काळजी कधी वाटली असती, तर गाठ काही आठवड्यांत भराभर वाढली असती, ५ सेंटिमीटरच्या वर गेली असती, हाडाला घट्ट चिकटली असती, वर न भरणारी जखम होऊन आपोआप रक्त येत असतं, मानेतल्या ग्रंथी न दुखता दगडासारख्या कडक झाल्या असत्या, किंवा आधी स्तनाचा, फुफ्फुसाचा, किडनीचा कॅन्सर झालेला असताना डोक्यावर नवीन गाठ आली असती. शिवाय पायलर सिस्टचाच एक वाढणारा प्रकार असतो, वयस्कर बायकांमध्ये, क्वचितच, तो मोठा होऊन फुटतो आणि त्यातला एखादा खरोखर वाईट निघतो. म्हणूनच काढलेली गाठ, कितीही साधी दिसो, तपासायला पाठवायचीच हे माझं ठाम मत आहे. "९९ टक्के साधी" असं मी पेशंटला म्हणत नाही, "साधी दिसतेय, काढली की तपासू" असं म्हणते.

उपचार. सुजलेली गाठ त्याच दिवशी काढायची नसते, हे लोकांना पटवणं अवघड जातं, कारण त्रास त्याच दिवशी असतो. सुजेमध्ये पिशवी आजूबाजूला चिकटलेली असते, फाटते, तुकडा आत राहतो, आणि राहिलेल्या तुकड्यातून तीच गाठ परत भरते. अक्कांच्या वरच्या पापुद्र्याखाली थोडा पू होता, तेवढा निचरा करून घेतला, रोजची मलमपट्टी, गोळ्यांचा कोर्स, आणि दाबायचं नाही, पिळायचं नाही असं सुनेला बजावलं. एक सांगते, लाल सुजलेल्या प्रत्येक सिस्टमध्ये जंतूच असतात असं नाही, पिशवी फुटून केराटिन आजूबाजूच्या मांसात सांडलं की शरीर त्याला परकं समजून जोरदार सूज आणतं, तेव्हा अँटिबायोटिकचा फारसा उपयोग होत नाही. इथे मात्र पू होता, वास होता, अंगात कणकण होती. रक्तातली साखर तपासली तर २१८ आली, अक्कांना डायबेटिस आहे हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. जखम का भरत नव्हती त्याचं अर्धं उत्तर तिथे होतं, त्यामुळे गाठीच्या निमित्तानं त्यांची साखरेची गोळीही सुरू झाली आणि मला विचाराल तर या सगळ्या भानगडीत त्यांच्या तब्येतीसाठी सगळ्यात मोलाची गोष्ट तीच झाली.

कानामागची ग्रंथी तीन आठवड्यांत बोटाला लागेनाशी झाली. ती तशी गेली नसती, किंवा उलट वाढली असती, तर मी तिची सुईची तपासणी करायला लावली असती.

जखम पूर्ण शांत झाल्यावर, दीड महिन्यानं, सिव्हिलला सर्जरीच्या ओपीडीत पाठवलं, आणि मी स्वतः सोबत गेले कारण अक्कांना टेबलाची भीती होती. त्यांचा एकच प्रश्न, "किती दुखतंय?" त्यांना मी एक खरी गोष्ट सांगितली. इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज, त्याच्याही डोक्यावर अशीच गाठ होती, ॲस्टली कूपर नावाच्या सर्जननं ती काढली आणि १८२१ मध्ये त्या सर्जनला त्याबद्दल सरदारकी मिळाली, तेव्हा भूल द्यायची पद्धतच नव्हती, ती आली १८४६ मध्ये. "तुम्हाला इंजेक्शन आहे अक्का, राजाला तेही नव्हतं." अक्का म्हणाल्या, "मग राजा शूर होता म्हणायचा."

जागा बधिर करायला लिग्नोकेन, त्यात रक्तवाहिन्या आवळणारं थोडं ॲड्रिनलिन मिसळलेलं, कारण डोक्याची कातडी फार रक्त देते, तिथल्या रक्तवाहिन्या घट्ट तंतूंमध्ये ताणून धरलेल्या असतात, कापल्यावर पटकन आक्रसत नाहीत. सगळं डोकं भादरत नाहीत हेही सांगते, कारण बऱ्याच बायका त्याच भीतीनं येत नाहीत, गाठीवरची जेमतेम बोटभर पट्टी केस कापून साफ करतात आणि बाकीचे केस टेपनं बाजूला धरतात.

आधी लहान गाठ घेतली. वर छोटा छेद, कातडी दोन्ही बाजूंना सोडवली, आणि कडेनं कात्रीचं बोथट टोक फिरवत खालून जरा उचलल्याबरोबर अख्खी पिशवी न फुटता बाहेर आली, पांढरी, गुळगुळीत, चकचकीत. पाच मिनिटंही लागली नसतील. मग मोठी. तिथे बिब्ब्यानं केलेले व्रण, पिशवी एका बाजूनं कातडीला आणि दुसऱ्या बाजूनं खालच्या थराला चिकटलेली, सर्जनला वरची खराब कातडी लंबगोल कापून गाठीसकट काढावी लागली, मधे एकदा फुटली, पिवळट पांढरा चुरा बाहेर आला, तो सगळा पुसून, धुऊन, पिशवीचा शेवटचा पापुद्रा चिमट्यानं शोधून काढेपर्यंत अर्धा तास गेला. एकाच बाईच्या डोक्यावर, एकाच जातीच्या दोन गाठी, चार बोटांच्या अंतरावर. ज्या कुणाला बिब्बा लावायचा मोह होतो त्यानं त्या टेबलाशेजारी उभं राहून बघायला हवं होतं असं मला मनापासून वाटलं.

टाके निळ्या दोऱ्याचे घातले, काळ्या केसांत काळा दोरा काढताना सापडत नाही म्हणून. दोन दिवसांनी डोकं साध्या पाण्यानं धुवायला सांगितलं, दहाव्या दिवशी टाके काढले. मोठ्या जागी बोटभर रुंद पट्टीत केस परत येणार नाहीत, कारण तिथली मुळंच जळालीत, अंबाड्याखाली ते दिसत नाही. लहान जागेची खूण आता शोधावी लागते.

दोन्ही नमुने फॉर्मलिनच्या वेगवेगळ्या बाटल्यांत पाठवले होते. लहानीचा रिपोर्ट: ट्रायकिलेमल सिस्ट, कॅन्सरचं काही लक्षण नाही. मोठीचा: ट्रायकिलेमल सिस्ट, फुटलेली, भोवती जुनाट सूज आणि परक्या पदार्थाला घेरणाऱ्या मोठ्या पेशी, कॅन्सरचं काही लक्षण नाही. मी सुनेला दोन्ही कागद शब्दन् शब्द वाचून दाखवले, तिनं घरी जाऊन सगळ्यांना तेलुगूत सांगितले.

पुढच्या आठवड्यात थोरले भाऊ आले, टक्कल, टाळूवर दोन सेंटिमीटरची गोल गाठ, २० वर्षांची, हलते, दुखत नाही. त्यांना बहिणीचं बघून काढूनच टाकायची होती. मी विचारलं की त्रास काय होतो, तर न्हाव्याकडे वस्तरा लागायची भीती एवढीच. मी सांगितलं की नाही काढली तरी चालेल, काढायची तर शांत असताना, उन्हाळा-घाम गेल्यावर, सावकाश काढा, आणि तोवर वाढली, लाल झाली, रक्त आलं तर त्याच दिवशी या. ते अजून ठरवतायत, आणि ते बरोबर आहे, ठरवायला वेळ असलेली गाठ आहे ती.

त्यांच्या मागोमाग सून आपल्या तीन वर्षांच्या मुलाला घेऊन आली. डाव्या भुवईच्या बाहेरच्या टोकाला छोटीशी गाठ, जन्मापासूनची. "हीपण आजीचीच ना मॅडम?" नाही. एवढ्या लहान मुलात पायलर सिस्ट जवळपास बघायला मिळत नाही, आणि जागा भुवईचं टोक, म्हणजे डर्मॉइड सिस्टची नेहमीची जागा, पोटात बाळ घडताना कातडीचा एक तुकडा आत अडकून राहतो त्यातून होणारी. हीसुद्धा साधीच असते, पण तिची मुळं कधी कधी हाडाच्या आवरणापर्यंत असतात, आणि मुलांच्या डोक्यावर किंवा नाकावर बरोबर मध्यरेषेत अशी गाठ असेल तर ती आत मेंदूपर्यंत पोचलेली असू शकते, म्हणून तिथे आधी एमआरआय किंवा सीटी आणि मगच बाकीचं, रडल्यावर फुगत असेल तर जास्तच सावध. याची भुवईची असल्यानं सोनोग्राफी केली, गाठ वरवरची निघाली, आतलं हाड शाबूत. पोरगा शाळेत जायला लागायच्या आधी सर्जन ती काढणार आहेत, तोवर तिला तेल चोळायचं नाही आणि कुणाला दाबून बघू द्यायची नाही एवढंच सुनेला सांगितलंय.